ऑर्केस्ट्राची रचना ट्रॉम्बोन-समूह आणि ऑर्गनसाठी बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर स्वर सांगताना मधल्या सी ला ‘सी ४’ म्हटले आहे. त्याच्या खालच्या सप्तकातला सी म्हणजे सी ३, वरच्यातला सी ५. ट्रॉम्बोनचे सगळे स्वर प्रत्यक्ष ऐकू येतात तेच लिहिले आहेत.

कोणती रचना निवडावी?

लांब श्वासाची, कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या) वजनावर उभी असलेली. कोरलसारखे (चर्चच्या समूहगीतासारखे) संथ भाग, मोठे अडाजिओ (सावकाश लयीचे भाग), गंभीर प्रस्तावना या जोडीला शोभतात. ऑस्ट्रियन संगीतकार ब्रुकनर स्वतः सेंट फ्लोरियन आणि लिंत्स इथे ऑर्गनवादक होता आणि त्याचा ऑर्केस्ट्राही ऑर्गनसारखाच बोलतो: एक रंग थांबतो, दुसरा सुरू होतो, मध्ये पूर्ण शांतता. अशी रचना अर्धी वाट स्वतःच चालून येते.

हलकी, चपळ, लाकडी वाद्यांच्या नाजूक संवादावर चालणारी स्केर्त्सो टाळा. स्वर सगळे बसवता येतील, पण ऐकणाऱ्याला मूळ रचनेची आठवण तेवढी येईल, ती रचना ऐकल्याचे समाधान मिळणार नाही.

किती ट्रॉम्बोन हवेत?

चारवर काम सुरू होते: तीन टेनर, एक बास. पण चौघांना विश्रांती देता येत नाही आणि सगळा भार ऑर्गनवर जातो. आठ ही आमच्या मते सर्वांत चांगली संख्या: सहा टेनर, दोन बास. चार-चारचे दोन गट करता येतात, एक गट वाजवतो तेव्हा दुसरा ओठांना आराम देतो. बारा असतील तर आवाज भव्य होतो, पण प्रत्येकाला वेगळा स्वर देण्याचा मोह आवरा. बारा वेगळ्या ओळींपेक्षा सहा ओळी दोघा-दोघांनी वाजवलेल्या जास्त स्वच्छ ऐकू येतात.

अल्टो ट्रॉम्बोन वाजवणारा मिळाला तर वरची ओळ त्याला द्या. नाही मिळाला तर रचना अडत नाही.

ऑर्गन आणि ट्रॉम्बोन यांच्यात कामाची वाटणी कशी करायची?

सगळी मांडणी या एका प्रश्नावर तरते किंवा बुडते. बहुतेक पहिल्या मसुद्यांत ऑर्गन तेच स्वर वाजवत असतो जे ट्रॉम्बोन वाजवत असतात. कागदावर ते भरदार दिसते. प्रत्यक्षात दोन्ही वाद्ये एकमेकांना खातात: ट्रॉम्बोनची धार जाते, ऑर्गनचा रंग जातो, आणि उरतो तो नुसता मोठा आवाज.

ट्रॉम्बोनचा खरा मुलूख साधारण एफ २ ते जी ४. ऑर्गनकडे त्याच्या वरही दोन सप्तके आहेत आणि खालीही. ५६ पट्ट्यांचे मॅन्युअल (हातांनी वाजवायचा कीबोर्ड) सी २ पासून जी ६ पर्यंत जाते, ६१ पट्ट्यांचे सी ७ पर्यंत. पेडलवर (पायांनी वाजवायच्या कीबोर्डवर) १६ फुटी स्टॉप (एका रंगाच्या पायपांचा संच, आकडा सर्वांत लांब पायपाचा; ८ फुटी लिहिल्याप्रमाणेच वाजतो) काढला की लिहिलेला सी २ प्रत्यक्षात सी १ वाजतो, आणि ३२ फुटी असेल तर आणखी एक सप्तक खाली. तेव्हा ट्रॉम्बोन मध्ये, ऑर्गन वर आणि खाली. मधल्या पट्ट्यात दोघे एकत्र आले तर त्याला काही कारण असले पाहिजे.

सगळी वाद्ये एकत्र वाजणारा मोठा भाग (टुट्टी) उदाहरण म्हणून घ्या. मूळ रचनेतले ट्रॉम्बोन, हॉर्न आणि चेलो यांचे स्वर ट्रॉम्बोन-समूहाला. डबल बास आणि कॉन्ट्राबसून पेडलला. व्हायोलिन, बासरी, ओबो मॅन्युअलवर, मूळ उंचीवर. ऑर्गनचे ८ फुटी ट्रम्पेट किंवा तत्सम रीड (धातूच्या जिभेने वाजणारे) स्टॉप बंद ठेवा, कारण ते ट्रॉम्बोनच्याच जागेवर आणि जवळपास त्याच रंगात वाजतात. त्याऐवजी ८ आणि ४ फुटी प्रिन्सिपल (ऑर्गनचा मूळ रंग), त्यावर मिक्श्चर (चमक देणाऱ्या उंच पायपांचा संच). जर्मन ऑर्गनवर पेडलच्या १६ फुटी रीडचे नावच ‘पोझाउने’, म्हणजे ट्रॉम्बोन, असते. बास ट्रॉम्बोन वाजत असताना त्याची क्वचितच गरज पडते.

आणि हलक्या भागांत दोघांपैकी एकालाच वाजू द्या. सां-साँसच्या १८८६ च्या तिसऱ्या सिम्फनीत ऑर्गन आहे म्हणून लोक त्याचा गडगडाट आठवतात. पण संथ भागात तो तंतुवाद्यांखाली नुसते मंद स्वर धरून बसतो, आणि म्हणूनच शेवटच्या भागातली सी मेजरची कॉर्ड अंगावर येते.

ट्रॉम्बोन सुरुवातीपासून वाजले पाहिजेत ना? समूह त्यांचाच आहे.

नाही. ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीत पहिले तीन भाग ट्रॉम्बोन एकही स्वर वाजवत नाहीत. चौथ्या भागात ते येतात तेव्हा सभागृहाची हवाच बदलते. हा परिणाम त्या शांततेतून येतो. अशा रचनेची मांडणी करताना पहिल्या बारपासून (तालाच्या पहिल्या विभागापासून) आठ जणांना वाजवायला लावले, तर नंतर द्यायला काही उरत नाही. आधीचा भाग ऑर्गनवर एकट्याने जाऊ द्या, किंवा दोनच ट्रॉम्बोन कप म्यूट (आवाज मऊ करणारे झाकण) लावून वाजवू द्या.

याला शरीराचेही कारण आहे. तंतुवाद्ये तासभर सलग वाजतात, ओठ वाजत नाहीत. प्रत्येक वादकाला एकूण बारांपैकी किमान चौथा हिस्सा विश्रांती द्या, वरच्या ओळीला तिसरा हिस्सा.

पियानोच्या आवृत्तीवरून काम केले तर चालेल का?

वेळ वाचतो, रचना हरवते. पियानोच्या आवृत्तीत कोणता स्वर हॉर्नचा आणि कोणता व्हायोलाचा हे पुसले गेलेले असते, आणि लांब धरलेले स्वर पियानोसाठी फोडलेले असतात. पूर्ण स्कोअर घ्या. त्यावरून चार ओळींचा कच्चा आराखडा करा: सुरावट, बास, धरलेली हार्मनी, आणि हालचाल (म्हणजे ट्रेमोलोची थरथर, आर्पेजिओ म्हणजे फोडून वाजवलेली कॉर्ड, धावती चलने). या चारांपैकी कुठली ओळ कोणाला, हे आधी ठरवा. स्वर लिहायला नंतर बसा.

ट्रॉम्बोनला किती खाली आणि किती वर लिहावे?

साध्या टेनर ट्रॉम्बोनला, म्हणजे एफ व्हॉल्व्ह (नळी लांब करणारी झडप) नसलेल्याला, ई २ हा सातव्या पोझिशनवरचा (स्लाइड, म्हणजे सरकती नळी, सर्वांत बाहेर) शेवटचा नेहमीचा स्वर. त्याखाली ई फ्लॅट २ (ई च्या अर्धा स्वर खाली) पासून बी १ पर्यंतचे पाच स्वर त्याच्याकडे नाहीतच. मग बी फ्लॅट १ पासून पेडल स्वर (ट्रॉम्बोनचे सर्वांत खालचे मूळ स्वर, ऑर्गनच्या पेडलशी संबंध नाही) सुरू होतात. एफ व्हॉल्व्ह असेल तर सी २ पर्यंतची पोकळी भरते, पण बी १ तरीही निसटतो. दोन व्हॉल्व्हचा बास ट्रॉम्बोन तोही वाजवतो. म्हणून बी १ लिहिताना पार्टवर (वादकाच्या छापील ओळीवर) बास ट्रॉम्बोनच आहे ना, हे एकदा पाहा. ही चूक फार वेळा होते.

वरच्या बाजूला हौशी समूहासाठी जी ४ पर्यंत निर्धास्त राहा. बी फ्लॅट ४ चांगल्या वादकाला रोजचा आहे, पण सी ५ आणि डी ५ एखाद्या शिखरापुरते ठेवा, आणि तिथवर चढत जायला वाट द्या. दहा बार विश्रांतीनंतर थेट सी ५ वर हलका प्रवेश लिहिणे म्हणजे वादकाची परीक्षा घेणे.

उंचीपेक्षा जास्त त्रास स्लाइडच्या उड्यांचा होतो. बी फ्लॅट २ पहिल्या पोझिशनवर, बी २ सातव्या. कागदावर अर्ध्या स्वराचे अंतर, हाताला पूर्ण लांबीचा प्रवास. व्हॉल्व्ह असेल तर बी २ दुसऱ्या पोझिशनजवळ मिळतो. नसेल तर हे दोन स्वर जलद लयीत शेजारी ठेवू नका.

मूळ पट्टी बदलावी का?

गायक नसतील तर बिनधास्त बदला. तंतुवाद्यांसाठी लिहिलेल्या रचना अनेकदा डी, ए, ई मेजरमध्ये असतात, कारण त्यांच्या मोकळ्या तारा तिथे वाजतात. ट्रॉम्बोनला त्याचा काही फायदा नाही. ई मेजरमध्ये ई २ आणि बी २ सारखे येतात, दोन्ही लांब पोझिशनवर. अर्धा स्वर खाली आणून ई फ्लॅट केले की हात मोकळे होतात आणि आवाजही उजळतो. त्यापेक्षा जास्त बदलण्याआधी सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर तपासा. पेडलची खालची हद्द सी २ ला संपते, त्याखालचा स्वर सप्तक वर उचलावा लागतो आणि बासची चाल मोडते.

खालच्या कॉर्ड गढूळ ऐकू येतात. का?

थर्ड (कॉर्डचा मधला स्वर, सी मेजरमध्ये ई) फार खाली ठेवला आहे. सी ३ च्या खाली सप्तक आणि फिफ्थ (सी वर जी) एवढेच ठेवा, थर्ड त्याच्या वर. चेलो आणि बास जे खालचे थर्ड खपवून घेतात ते चार ट्रॉम्बोन खपवत नाहीत, कारण त्यांच्या स्वरात वरचे उपस्वर (मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच स्वर) भरपूर असतात आणि ते एकमेकांना घासतात. बेथोव्हेनने १८१२ मध्ये लिंत्समध्ये फक्त चार ट्रॉम्बोनसाठी लिहिलेल्या तीन छोट्या ‘इक्वाले’ समोर ठेवा आणि स्वरांमधली अंतरे मोजा. चार ओळींत एवढी स्वच्छता कशी येते हे त्यातून कळते.

व्हायोलिनची धावती चलने, ट्रेमोलो, पिझिकाटो (बोटाने छेडलेले स्वर) यांचे काय?

धावती चलने ऑर्गनला, ८ आणि ४ फुटी बासरीच्या स्टॉपवर. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला चार स्वर ही ट्रॉम्बोनच्या साध्या जिभेची जवळपास सीमा आहे, त्यापुढे दुहेरी जीभ लागते आणि सगळ्यांची सारखी होत नाही. पण ऑर्गनलाही सगळे स्वर देऊ नका. चार-पाच सेकंद घुमणाऱ्या वास्तूत प्रत्येक स्वर पुढच्या वीस स्वरांवर सांडतो. दर ठोक्याचा पहिला आणि चालीला वळण देणारे स्वर ठेवा, बाकीचे गाळा.

ट्रेमोलो जसाच्या तसा ऑर्गनवर लिहिला तर तो शिवणयंत्रासारखा वाजतो. तणावाचा ट्रेमोलो असेल तर दोन स्वरांत सावकाश अदलाबदल करा. नुसता धुके पसरवणारा असेल तर स्वेल बॉक्स (पायपांभोवतीची उघडझाप होणारी पेटी) मिटून सेलेस्ट (लहरत्या आवाजाच्या) स्टॉपवर कॉर्ड धरून ठेवा.

पिझिकाटो पेडलवर, १६ आणि ८ फुटी मृदू स्टॉपने, लिहिलेल्या मूल्याच्या निम्म्याने. ट्रॉम्बोनचा स्टकाटो (तुटक स्वर) तिथे जड पडतो.

लेगाटो (स्वर जोडून वाजवणे) कसा लिहावा?

स्लर (स्वर जोडणारी कमान) लिहा, पण सगळेच स्लर जिभेशिवाय वाजत नाहीत हे लक्षात घ्या. एकाच उपस्वरावर पोझिशन बदलली की स्लाइड ओढल्याचा आवाज येतो, म्हणून वादक मऊ जीभ लावतो. ते त्याच्यावर सोडा. ग्लिसांडो (स्वर घसरवत नेणे) मुद्दाम हवा असेल तर तो जास्तीत जास्त ट्रायटोनएवढा (सहा अर्धे स्वर), आणि एकाच उपस्वराच्या आत: एफ ३ ते बी २ होतो, बी फ्लॅट २ ते सी ३ होत नाही.

श्वास कुठे लिहायचे?

बास ट्रॉम्बोनला खालचे स्वर जोरात धरायला सांगितले तर पाच-सहा सेकंदांत हवा संपते. ऑर्गनची कधीच संपत नाही. म्हणून लांब धरलेला बास पेडलला द्या आणि बास ट्रॉम्बोनला त्याची सुरुवात आणि फुगवटा. समूहात श्वास आळीपाळीने घ्यायचे असतील तर कोणी कुठे, हे पार्टमध्येच स्वल्पविरामाने दाखवा. ‘आळीपाळीने’ एवढेच लिहिले तर सगळे बाररेषेवर एकदम श्वास घेतात.

क्रेसेंडो (आवाज हळूहळू वाढवणे) ऑर्गनवर होत नाही म्हणतात, खरे का?

स्वेल बॉक्समधल्या पायपांचा होतो, बाकीच्यांचा फक्त स्टॉप वाढवून पायरीपायरीने. म्हणून क्रेसेंडोचा उतार ट्रॉम्बोनकडे द्या आणि ऑर्गनची पायरी कॉर्ड बदलण्याच्या क्षणी लपवा. नेहमी चालणारी रीत: ऑर्गन मंद धरून, ट्रॉम्बोन फुगत जातात, शिखराच्या ठोक्यावर ऑर्गन मिक्श्चरसह उघडतो. कानाला वाटते की सगळेच एकत्र वाढले.

रजिस्ट्रेशन (कोणते स्टॉप वापरायचे ते) कोण ठरवते?

ऑर्गनवादक. प्रत्येक ऑर्गन वेगळा, स्टॉपची नावे वेगळी, त्याच नावाचा आवाजही वेगळा. तुम्ही फूट आणि रंग लिहा: ‘८, ४ बासरी’, ‘१६ नको’, ‘स्वेल मिटलेला’. पण बदलाला वेळ द्या. दोन हात, दोन पाय गुंतलेले असताना स्टॉप ओढायला तिसरा हात नसतो. पिस्टन (ठरवलेले स्टॉप एका दाबात बदलणारी बटणे) असले तर ठीक, नसले तर एक रिकामा ठोका तरी लागतो.

त्या विशिष्ट ऑर्गनविषयी आधी विचारून घ्या: मॅन्युअल किती आणि कुठपर्यंत, पेडल एफ ४ पर्यंत (३० पट्ट्या) की जी ४ पर्यंत (३२), स्वेल बॉक्स आहे का, पिस्टन आहेत का, सूर ४४० (ए ४ ची हर्ट्झमधली कंपने) आहे का. जुन्या धाटणीच्या काही ऑर्गनचा मूळ सूर ४१५ किंवा ४६५ असतो आणि स्वरमेळही समान (बाराही अर्धे स्वर सारख्या अंतराचे) नसतो. तिथे चार-पाच फ्लॅटची पट्टी कर्कश लागते.

सराव छान झाला, ऑर्गनबरोबर मात्र सूर जुळत नाहीत. कोणाचे चुकते?

बहुधा कोणाचेच नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी घडत असतात.

पहिली, तापमान. पायपातली हवा तापली की ऑर्गनचा सूर चढतो, अंशाला सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). १० अंशांच्या फरकाने ३० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या जवळजवळ एक तृतीयांश. ऑर्गन उतरलेला असेल तर सोपे, ट्यूनिंग स्लाइड बाहेर ओढा. चढलेला असेल तर खरी अडचण येते: पहिल्या पोझिशनवरचे बी फ्लॅट, एफ, डी यांना आणखी वर नेता येत नाही, स्लाइड आधीच पूर्ण आत असते. डी ४ तर पाचवा उपस्वर असल्याने मुळातच १४ सेंट उतरलेला. म्हणून ऑर्गनबरोबर वाजवताना पहिली पोझिशन टोकाला न टेकवता सुमारे सेंटीमीटरभर अलीकडे धरून सूर लावा. वर जायला जागा राहते. आणि सूर ऑर्गनकडूनच घ्या, ट्यूनरकडून नको.

दुसरी गोष्ट मांडणीच्या हातात आहे. समान स्वरमेळात मेजर थर्ड शुद्धापेक्षा १४ सेंट चढा असतो. ट्रॉम्बोन एकटे असतात तेव्हा कान आपोआप तो खाली आणतात, तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधाराच्या जागी. हार्मोनियमचा गंधार चढा का लागतो हे ज्याला ठाऊक आहे त्याला ऑर्गनची अडचण सांगावी लागत नाही. दोघांनी एकच थर्ड वाजवला की तो थरथरतो. उपाय सोपा: थर्ड एकालाच द्या.

शेवटची सी मेजर कॉर्ड आठ ट्रॉम्बोनसाठी अशी लिहा. खालून वर: बास २ ला सी २, बास १ ला सी ३, मग टेनरना सी ३, जी ३, जी ३, सी ४, ई ४, जी ४. थर्ड एकच, वरून दुसऱ्या वादकाकडे, तो त्याला शुद्ध जागी बसवेल. ऑर्गनला पेडलवर सी २ (१६ फुटीसह), हातात जी ४, सी ५, जी ५, सी ६. ई कुठेच नाही. मिक्श्चरमध्ये बहुतेक वेळा सप्तक आणि फिफ्थच असतात, त्यामुळे तेही थर्डच्या आड येत नाही. पहिल्यांदा वाजवल्यावर ऑर्गनवादक विचारेल, माझ्या कॉर्डमधला ई राहिला का? पार्टवर ‘थर्ड मुद्दाम गाळला आहे’ असे लिहून टाका.

ऑर्गन मागे पडतो असे वाटते.

अंतर मोजा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ट्रॉम्बोन पुढे आणि ऑर्गन मागच्या सज्ज्यात ३० मीटरवर असेल तर जवळपास ०.०९ सेकंदाचा उशीर. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोक्याचा पाव भाग ०.१२५ सेकंदाचा, म्हणजे चूक कानाला स्पष्ट कळते. ट्रॉम्बोन सज्ज्यात ऑर्गनजवळ न्या. ते जमत नसेल तर ऑर्गनवादकाने कानावर न जाता कॅमेऱ्याच्या पडद्यावर संचालकाचा हात पाहून वाजवावे. आणि एकदा कोणीतरी श्रोत्यांच्या मधोमध बसून ऐकावे, कारण संचालकाला जुळलेले ऐकू येते ते तिथे जुळलेले असेलच असे नाही.

टिंपनी (सुरात लावलेले नगारे) आणि झांजा?

शक्य असेल तर खरी टिंपनी ठेवा, एका वादकाने फार फरक पडतो. नाहीच तर सुटे ठोके पेडलच्या आखूड स्वरांवर. रोल मात्र पेडलवर थरथरवू नका, १६ फुटी स्वर सलग धरा. झांजांना पर्याय नाही, त्या गाळा.

पार्ट कसे छापावेत?

ट्रॉम्बोनचे बास क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे रेषांवर स्वर कुठे हे सांगणारे चिन्ह), सतत जी ४ च्या वर असलेली ओळ टेनर क्लेफमध्ये, पण दर चार बारांनी क्लेफ बदलू नका. स्टाफची (पाच रेषांच्या पट्ट्याची) उंची ७ मिलिमीटरच्या आसपास. बार क्रमांक प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला, आणि आठ बारांपेक्षा लांब विश्रांतीनंतर ऑर्गनच्या सुरावटीचा क्यू (प्रवेशाची खूण). म्यूट लावायला आणि काढायला चार-पाच सेकंद मोकळे ठेवा. ऑर्गनचा पार्ट तीन स्टाफवर, आणि पान अशा जागी संपवा जिथे एक हात रिकामा आहे.

संगणकावर उत्तम वाजते. मग पुरे ना?

म्यूझस्कोर, सिबेलियस किंवा डोरिको या स्वरलेखनाच्या प्रणालींतला ट्रॉम्बोन दमत नाही, श्वास घेत नाही, आणि बी फ्लॅट २ वरून बी २ वर क्षणात पोचतो. चुकीचे स्वर शोधायला संगणक चांगला. तोल, थकवा आणि घुमारा यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

इलेक्ट्रॉनिक ऑर्गन चालेल का?

चालेल. सूर सेंटनी वर-खाली करता येतो, हा मोठाच फायदा. १६ फुटी सी १ म्हणजे ३२.७ हर्ट्झ. लहान स्पीकरला तो पेलत नाही आणि सगळा पाया गायब होतो. तिथे बासची ओळ बास ट्रॉम्बोनकडून काढू नका.

परवानगी लागते का?

संगीतकाराचे हक्क जिवंत असतील तर मांडणी सार्वजनिक वाजवण्याआधी आणि छापण्याआधी हक्कधारकाची लेखी परवानगी हवी. अनेक देशांत ही मुदत संगीतकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आहे, काही ठिकाणी ६०. एल्गार १९३४ मध्ये गेला, रिचर्ड स्ट्राउस १९४९ मध्ये, शोस्ताकोविच १९७५ मध्ये. तेव्हा पहिल्या दोघांचे काम ७० वर्षांच्या हिशेबानेही मोकळे झाले आहे, तिसऱ्याचे नाही. अमेरिकेत जुन्या रचनांची मुदत प्रकाशनाच्या वर्षावरून मोजतात, म्हणून तिथे वाजवायचे असेल तर ते वर्ष वेगळे पाहा. हे सगळे पहिला बार लिहिण्याआधी पाहा. परवानगी नाकारली गेली तर पूर्ण झालेली मांडणी कपाटातच राहते.